खोडदच्या दुर्बिणीचा '३ सिग्मा' निकाल : शोध लागला म्हणायचं का?

जुन्नर_फिजिक्स (प्रश्न)

मी जुन्नर तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आमच्या इतकी जवळ आहे की वर्गातल्या कितीतरी मुलांना शेतावर जाता-येता एखादी अँटेना दिसतेच. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन असतं, तेव्हा आम्ही मुलांना खोडदला घेऊन जातो.

यंदा परतीच्या गाडीत एका मुलीने विचारलं, "मॅडम, २०२३ साली पेपरात आलं होतं की गुरुत्वीय लहरींचा शोध लागला आणि त्यात आपली दुर्बीण होती. पण इथले लोक सारखं 'पुरावा मिळालाय, अजून काम चालू आहे' असंच सांगतात. मग लागला की नाही लागला?" निकाल किती ठाम आहे हे सांगणाऱ्या सिग्मा या मापाबद्दल मला जेवढं माहीत होतं तेवढं मी तिला सांगितलं. तिचं समाधान झालं नाही, माझंही नाही.

मला तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. अमेरिकेतल्या लायगो या यंत्राने २०१५ मध्येच या लहरी, म्हणजे अवकाश-काळात उठणारे तरंग, पकडल्या, मग यात नवीन काय? ३ सिग्मा म्हणजे नक्की किती खात्री? आणि जीएमआरटीचं काम खरंच महत्त्वाचं होतं की नुसतं यादीत नाव होतं? मुलं हे तिसरं फार आशेने विचारतात, म्हणून मला खरं उत्तर हवंय, कौतुकाचं नको.

---

पल्सारची_रात्रपाळी

नमस्कार मॅडम. पल्सार म्हणजे स्वतःभोवती फिरत ठरावीक वेळाने रेडिओ स्पंद पाठवणारे मृत ताऱ्यांचे गाभे. ते स्पंद कधी पोचतात हे मोजण्याच्या, म्हणजे पल्सार टायमिंगच्या, डेटावर मी बरीच वर्षं काम केलंय आणि खोडदच्या कंट्रोल रूममध्ये पुष्कळ रात्री जागून काढल्यात, त्यामुळे सविस्तर लिहितो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो : जीएमआरटीचं काम खरंच महत्त्वाचं होतं. का, ते पुढे येईल.

लायगोचं थोडक्यात. १४ सप्टेंबर २०१५ ला जो संकेत मिळाला तो जेमतेम ०.२ सेकंदांचा होता. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली त्याचा. वारंवारता काही दहा ते काही शे हर्ट्झ, खात्री ५.१ सिग्मा. २०२३ चा निकाल नॅनोहर्ट्झ लहरींचा आहे. १ नॅनोहर्ट्झ म्हणजे एक आंदोलन पूर्ण व्हायला जवळपास ३२ वर्षं. अशा लहरीची तरंगलांबी प्रकाशवर्षांत मोजावी लागते, लायगोच्या ४ किलोमीटर भुजांच्या यंत्राला ती कळूच शकत नाही. त्या कुठून येत असाव्यात? दीर्घिका एकमेकींत मिसळल्यावर त्यांच्या केंद्रातली सूर्याच्या कोट्यवधी-अब्जावधी पट वजनाची कृष्णविवरं जोडीने फिरू लागतात, अशा असंख्य जोड्यांचा एकत्र गलका, हे सर्वांत संभाव्य उत्तर आहे. विश्वाच्या सुरुवातीच्या काळातलं काही कारण असू शकतं, हा पर्यायही अजून मिटलेला नाही.

हे मोजायचं तर यंत्र आकाशगंगेएवढं लागतं. ते मिलिसेकंद पल्सारांनी, म्हणजे काही मिलिसेकंदांत एक फेरी घेणाऱ्या पल्सारांनी, मिळालं. पहिला असा पल्सार १९८२ मध्ये अरेसिबोच्या दुर्बिणीने सापडला, सेकंदाला सुमारे ६४२ वेळा फिरणारा. सापडवणाऱ्यांत डॉन बॅकर यांच्यासोबत श्रीनिवास कुलकर्णी होते, तेव्हा ते विद्यार्थी होते. त्यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा. हे मुलांना जरूर सांगा.

या पल्सारांचे स्पंद कधी येणार हे आपण वर्षानुवर्षं आधी सांगू शकतो. अंदाज आणि प्रत्यक्ष वेळ यांत जो फरक उरतो तो आम्ही जपून ठेवतो. आपल्या आणि पल्सारच्या मधून गुरुत्वीय लहर गेली की स्पंद किंचित लवकर किंवा उशिरा पोचतात. किती? दहा-पंधरा वर्षांच्या मोजणीत हा परिणाम १०० नॅनोसेकंदांच्या आसपास येतो. प्रकाश तेवढ्या वेळात ३० मीटर जातो. आणि स्पंद येतात काही हजार प्रकाशवर्षांवरून.

खरी अडचण इथून सुरू होते, कारण १०० नॅनोसेकंदांची गडबड करणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. पृथ्वीवरची प्रमाण घड्याळं जरा चुकली तर सगळे पल्सार एकाच वेळी, एकाच दिशेने चुकलेले दिसतात. सूर्यमालेच्या वस्तुमान-केंद्राची जागा थोडी चुकली, म्हणजे गुरूच्या कक्षेच्या आकड्यात किंचित खोट राहिली, तरी सगळ्यांवर परिणाम होतो, पण आकाशाच्या एका बाजूला पुढे आणि समोरच्या बाजूला मागे. हे काही पुस्तकी भय नाही. हेच काम करणाऱ्या अमेरिकी गटाच्या २०१८ च्या निकालात ग्रहांच्या जागांची कोणती सारणी वापरली यावर उत्तर बदलत होतं, त्यासाठी त्यांना वेगळी गणिती पद्धत बांधावी लागली.

गुरुत्वीय लहरींचा ठसा मात्र तिसऱ्याच प्रकारचा असतो. १९८३ मध्ये हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी दाखवलं की दोन पल्सारांच्या वेळेतल्या चुका किती जुळतात हे फक्त त्यांच्यामधल्या कोनावर ठरतं. आकाशात शेजारी असतील तर सहसंबंध ०.५ च्या जवळ. कोन वाढला की तो घटतो, ८० अंशांच्या पुढेमागे उणे ०.१५ पर्यंत उतरतो आणि अगदी समोरासमोरच्या जोडीला पुन्हा ०.२५ वर चढतो. घड्याळाच्या चुकीतून किंवा गुरूच्या चुकीतून हा आकार निघत नाही. सगळ्या पल्सारांत सारखीच मंद थरथर आहे हे अमेरिकी गटाला २०२० मध्येच दिसलं होतं, पाठोपाठ ऑस्ट्रेलिया आणि युरोपलाही दिसलं. तरी कुणीही लहरी सापडल्याचं जाहीर केलं नाही, कारण हा वक्र दिसत नव्हता. या संयमाबद्दल मला आजही फार आदर वाटतो.

आता खोडद. पल्सार आणि आपण यांच्यामध्ये मोकळे इलेक्ट्रॉन पसरलेले आहेत. त्यांच्यातून रेडिओ लहरी जाताना रेंगाळतात, आणि हा उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. बारावीच्या मुलांना फळ्यावर करून दाखवण्यासारखं गणित आहे. उशीर, मिलिसेकंदांत = ४.१५ गुणिले इलेक्ट्रॉनांचं माप, भागिले गिगाहर्ट्झमधल्या वारंवारतेचा वर्ग. त्या मापाला आम्ही डीएम म्हणतो. ते स्थिर राहत नाही. पल्सार सरकतो, पृथ्वी सरकते, सौरवारा मध्ये येतो. डीएम फक्त ०.०००१ ने बदललं असं धरा. १.४ गिगाहर्ट्झला येणारा उशीर सुमारे २०० नॅनोसेकंद. म्हणजे जो संकेत शोधतोय त्याच्या दुप्पट गडबड नुसत्या इलेक्ट्रॉनांनी केली! युरोपातल्या दुर्बिणींचा बहुतेक डेटा याच पट्ट्याच्या आसपासचा आहे.

तोच बदल ०.४ गिगाहर्ट्झला सुमारे २.६ मायक्रोसेकंदांचा होतो, सव्वाबारा पट. तिथे तो लपत नाही. जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या ३० अँटेना आहेत. त्यांचे गट पाडून काही ३०० ते ५०० मेगाहर्ट्झवर आणि काही १२६० ते १४६० मेगाहर्ट्झवर, एकाच पल्सारकडे, एकाच वेळी रोखता येतात. 'एकाच वेळी' हे फार महत्त्वाचं, कारण दोन मोजणींत आठवडाभराचं अंतर पडलं तर मधल्या काळात डीएम बदललेलं असू शकतं. गुरुत्वीय लहरीला रेडिओ वारंवारतेशी देणंघेणं नसतं, ती दोन्ही पट्ट्यांत सारखाच परिणाम करते. त्यामुळे इलेक्ट्रॉनांची गडबड सोलून बाजूला काढता येते.

भारत आणि जपान इथल्या संशोधकांच्या इंडियन पल्सार टायमिंग अ‍ॅरे या गटाने २०२२ मध्ये १४ पल्सारांचा साडेतीन वर्षांचा असा डेटा खुला केला. त्यातल्या १० पल्सारांचा डेटा युरोपच्या डेटात मिसळून २९ जून २०२३ चा निकाल आला. मुलांना हे मोकळेपणाने सांगा : सगळ्यात जास्त वर्षांचा डेटा युरोपचा होता, पण त्यातली ही विशिष्ट धूळ झटकायला तुमच्या शेजारची दुर्बीण जगातल्या मोजक्या योग्य साधनांपैकी एक आहे.

सिग्माचं उद्या लिहितो. तोवर दुसऱ्या कुणाला लिहायचं असेल तर अवश्य लिहा.

---

संभाव्यता_सोलापूर

मी संख्याशास्त्र शिकवतो, तेव्हा सिग्माचं मी घेतो.

मुलांना नाणं द्या. ओळीने १० वेळा छापा पडण्याची शक्यता १०२४ मध्ये १. साधारण ३ सिग्मा ही एवढीच दुर्मिळता आहे. ५ सिग्मा म्हणजे सुमारे ३५ लाखांत १, नाण्याच्या भाषेत ओळीने २२ छापे यायला हवेत, थोडं कमी-जास्त. १० वरून २२ वर जाणं किती अवघड आहे हे मुलांना हात दुखेपर्यंत टॉस करून चांगलं कळतं.

पण एक गोष्ट फार जपा. ३ सिग्मा म्हणजे 'निकाल खोटा असण्याची शक्यता हजारात १' असं नाही. वर्तमानपत्रांत नेहमी असंच छापून येतं आणि मला त्याचा खरोखर त्रास होतो. अर्थ उलट बाजूने आहे : लहरी मुळीच नसत्या, तर निव्वळ योगायोगाने इतका जुळलेला नमुना हजारात साधारण एकदा दिसला असता. 'नाणं साधं असेल तर १० छापे किती वेळा येतील' आणि '१० छापे आले, तर नाणं खोटं असण्याची शक्यता किती' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर द्यायला खोटी नाणी मुळात किती फिरतात हे माहीत असावं लागतं. जिल्ह्यातल्या हजार मुलांनी टॉस केला तर एखाद्याला १० छापे पडण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, आणि तो मुलगा काही जादूगार नसतो.

---

पल्सारची_रात्रपाळी

सर, फार नेमकं लिहिलंत. पल्सारच्या बाबतीत 'योगायोगाने किती वेळा' हे कसं काढतात तेही सांगतो, कारण ते मला फार सुंदर वाटतं. डेटा तोच ठेवायचा आणि संगणकात पल्सारांच्या आकाशातल्या जागा खोट्या करायच्या. मग जोड्यांमधले कोन बदलतात, आणि खऱ्या लहरींनी घडवलेला वक्र मोडायला हवा. हे हजारो वेळा करून बघायचं की खोट्या आकाशांतही खऱ्याइतका चांगला वक्र कितीदा निघतो. अमेरिकी गटाकडे ६७ पल्सार, म्हणजे २२११ जोड्या होत्या आणि १५ वर्षांचा डेटा. त्यांची खात्री ३.५ ते ४ सिग्मा आली. चीनकडे ५७ पल्सार होते, डेटा जेमतेम ३.४ वर्षांचा, पण दुर्बीण ५०० मीटरची. त्यांना एका विशिष्ट वारंवारतेपाशी ४.६ सिग्मा मिळाले. ऑस्ट्रेलियाचे ३० पल्सार, १८ वर्षं, खात्री साधारण २ सिग्माची. आणि युरोप-भारताचे २५ पल्सार, ३०० जोड्या, ३ सिग्मा.

चारही गटांचे निकाल एकाच दिवशी जाहीर झाले. निकालाआधी सगळ्यांनी मिळून एक यादीही लिहून ठेवली होती की कोणकोणत्या कसोट्या पार झाल्या तरच 'सापडल्या' म्हणायचं. निकाल हातात आल्यावर कसोट्या ठरवल्या तर माणूस नकळत सोयीच्या ठरवतो.

---

नाशिक_अभियंता

मी मूळ शोधनिबंध चाळला आणि गोंधळलो. युरोप-भारताकडे २४.७ वर्षांचा डेटा आहे असं सगळे सांगतात. पण ३ सिग्मा त्या सगळ्या डेटातून आलेले नाहीत! फक्त शेवटच्या १०.३ वर्षांच्या डेटातून आलेत. पूर्ण २४.७ वर्षं घेतली तर पुरावा कमजोर होतो, योगायोगाची शक्यता ४ टक्क्यांच्या आसपास जाते. जास्त माहिती घेतल्यावर खात्री कमी कशी होईल? मला ही सोयीची निवड वाटते.

---

पल्सारची_रात्रपाळी

तुम्ही या निकालातली सगळ्यात नाजूक जागा शोधलीत. शंका रास्त आहे, आणि लेखकांनी दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापले आहेत म्हणूनच तुम्हाला ती घेता आली.

नव्वदच्या दशकातली उपकरणं अगदी अरुंद पट्टा मोजायची, बऱ्याचदा एकाच वारंवारतेला. वर लिहिलेला इलेक्ट्रॉनांचा उशीर एकाच वारंवारतेवरून वेगळा काढता येत नाही. त्यामुळे जुन्या वर्षांतली मंद थरथर कशाची, इलेक्ट्रॉनांची, पल्सारच्या स्वतःच्या फिरण्यातली की लहरींची, हे गणिताला सांगता येत नाही. शिवाय दर काही वर्षांनी उपकरण बदललं की वेळेत छोटी उडी येते, तीही गणितात भरावी लागते. जास्त वर्षं म्हणजे जास्त माहिती, हे गडबडीचं गणित बरोबर बसवलेलं असेल तेव्हाच खरं. शेवटच्या १०.३ वर्षांचा डेटा आधुनिक, रुंद पट्ट्याच्या उपकरणांचा आहे. म्हणून तो वेगळा तपासला.

हे स्पष्टीकरण मला पटतं. पण ते पटणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. जुना डेटा अजून नीट उलगडला पाहिजे आणि चारही गटांचा डेटा एकत्र करून पुन्हा सगळं मोजलं पाहिजे. ते काम आंतरराष्ट्रीय पातळीवर सुरू आहे. तुमच्या ४ टक्क्यांसाठीच मी आजही वर्गात किंवा व्याख्यानात 'सापडल्या' म्हणत नाही.

---

ग्रान_सासोची_वाट

मी कणभौतिकीत काम करते, युरोपात राहते. एक जोड देते, कारण वरच्या चर्चेतून '५ सिग्मा आले की संपलं' असं मुलांना वाटू शकेल.

सप्टेंबर २०११ मध्ये इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या ऑपेरा प्रयोगाने जाहीर केलं की सर्न प्रयोगशाळेहून ७३० किलोमीटर जमिनीतून आलेले न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचतात. खात्री ६ सिग्मा! पुढे सापडलं की घड्याळाशी जोडणारी एक ऑप्टिकल फायबर केबल नीट बसलेली नव्हती. २०१२ च्या मार्चमध्ये त्याच डोंगराखालच्या इकारस प्रयोगाने न्यूट्रिनोंचा वेग प्रकाशाइतकाच दाखवला. सिग्मा फक्त योगायोगाबद्दल बोलतो. सैल केबल लाखो न्यूट्रिनो मोजले तरी सैलच राहते, उलट जितकं जास्त मोजाल तितका चुकीचा आकडा ठाम होत जातो.

दुसरं उदाहरण तुमच्या विषयाच्या आणखी जवळचं. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ या दुर्बिणीने विश्वाच्या आरंभीच्या गुरुत्वीय लहरींचा ठसा दिसल्याचं जाहीर केलं. त्यांच्या यंत्रात काही बिघाड नव्हता. संकेत खराच होता, फक्त त्यातला मोठा भाग आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा निघाला. २०१५ च्या सुरुवातीला प्लांक उपग्रहाच्या डेटासोबत तपासल्यावर ते स्पष्ट झालं, कारण प्लांकने अधिक वारंवारतांना मोजलं होतं आणि बायसेप-२ ने एकाच, १५० गिगाहर्ट्झला. वरती खोडदबद्दल जे लिहिलंय ते वाचताना मला हेच आठवलं. दुसऱ्या वारंवारतेला मोजणं हे नेहमी दुय्यम काम समजलं जातं, आणि मोठे दावे टिकतात किंवा पडतात ते तिथेच.

ऑपेराच्या लोकांबद्दल मुलांना वाईट मत देऊ नका, एवढी विनंती. त्यांनी आकडा लपवला नाही, 'आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधा' म्हणून सगळ्यांपुढे ठेवला.

---

जुन्नर_फिजिक्स

सगळ्यांचे मनापासून आभार. डीएमचं गणित मी आजच बारावीला दिलं. ०.४ आणि १.४ गिगाहर्ट्झचा फरक मुलांनी स्वतः काढला, आणि सव्वाबारा हा आकडा आल्यावर मागच्या बाकावरून "म्हणजे आपली दुर्बीणच बरी!" असा आवाज आला. त्याच मुलीचा पुढचा प्रश्न आहे : पल्सार इतके नियमित आहेत यावर सगळं उभं आहे, मग एखादा पल्सारच बिघडला तर?

---

पल्सारची_रात्रपाळी

तिला सांगा, एक बिघडला होता. आणि तोही आमच्या सगळ्यात लाडक्यांपैकी, जे१७१३+०७४७. सुमारे ४.५७ मिलिसेकंदांत एक फेरी, दशकानुदशकं सगळ्या गटांच्या यादीत वरच्या नंबरावर. एप्रिल २०२१ मध्ये, दिवसभराच्या अंतराने घेतलेल्या दोन निरीक्षणांमध्ये, त्याच्या स्पंदाचा आकारच बदलला. आकार बदलला की पोचण्याची वेळ मोजायची खूणच सरकते.

भारतीय गटाने जीएमआरटीवर तो लगेच तपासला, आणि बदल दोन्ही पट्ट्यांत आहे पण सारखा नाही, वारंवारतेनुसार वेगळा आहे, असं दाखवून निबंध छापला. म्हणजे हे गुरुत्वीय लहरीचं काम नव्हतं, आणि साध्या इलेक्ट्रॉनांच्या नियमातही ते बसत नव्हतं. पुढे महिनोन् महिने तो हळूहळू पूर्वपदावर येत गेला.

म्हणूनच एका पल्सारवर कुणी काही उभं करत नाही. एकटा बिघडला तर त्याच्या चुका इतरांशी कोनानुसार जुळत नाहीत, आणि तो वक्रात उठून दिसतो. तिला अजून पुढे जायचं असेल तर भारतीय गटाचा तो १४ पल्सारांचा डेटा सगळ्यांसाठी खुला आहे. थोडं पायथन येत असेल तर एका पल्सारचं डीएम वेळेनुसार कसं बदलतं याचा आलेख ती स्वतः काढू शकते. सूर्य जवळून जातो तेव्हा काही पल्सारांच्या आलेखात दरवर्षी त्याच सुमारास उंचवटा येतो, तो तिने आधी शोधावा. अडलं तर इथेच विचारू दे, मी उत्तर देईन.